टाकीमागची पट्टी

अंतारामजी भिंतीला कधी तळहात लावून पाहत नसत. हाताची पालथी बाजू लावत, पोराला ताप आहे का हे आई बघते तशी. "तळहात कामानं मेला असते सर. त्याले काही समजत नाई," असं म्हणत. भिंत कोमट लागली की बादली उचलून, सायकलला अडकवून सरळ घरी. "आज नाई." पुढ्यात चहाचा कप धरला तरी थांबायचे नाहीत. काम नीट करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. भिंत गरम आहे म्हणून काम सोडून जाणारा माणूस मात्र हा एवढाच.

आमचं घर त्यांच्या हाती कसं आलं ते सांगायला हवं, आणि त्यात माझी शोभा आहे. मी साकोलीला हायस्कूलमध्ये मराठी शिकवत असे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कोण कुठल्या बाजूला जाणार यावरून आम्हा मास्तरांची बरीच धावपळ झाली. मी भंडारा जिल्ह्यातच, साकोलीला राहिलो आणि पुढे बऱ्याच वर्षांनी एकोडी रोडला प्लॉट घेऊन घर बांधलं. स्वभाव मूळचा हौशी. आजूबाजूची सगळी घरं पिस्ता, गुलाबी नाहीतर पिवळी. मला वेगळं काहीतरी हवं होतं. कंत्राटदारानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं: दर्शनी भिंतींवर सिमेंटच्या लांब पट्ट्या, एकीवर एक किंचित चढवलेल्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या, आणि रंग पिकल्या जांभळासारखा काळानिळा. मी त्या चित्रावर भाळलो. घर पूर्ण झालं तेव्हा सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, फाटकात उभी राहून म्हणाली, "म्हैस बसल्यासारखं दिसते." मी हसण्यावारी नेलं.

प्लॉटच्या मागे दोन शेतं सोडून उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल होती. धान उकडायला बॉयलर, आणि बॉयलरला धानाचाच भुसा. तिची चिमणी मी रोज पाहत होतो. ती माझ्या घराशी काही बोलेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवाळीला भिंती करड्या झाल्या. भुशाची राख. आता आमच्याकडे या राखेचं कुणाला काही वाटत नाही. लहानपणी आम्ही तिनेच दात घासले, आया-आज्यांनी पितळेचे हंडे तिनेच लखलखीत केले. मी विचार केला, भिंतीवर राख आयतीच बसली आहे, नुसती काथ्यानं घासली की झालं! दोन दुपारी बनियनवर उभा राहून मी स्वतः ती भिंत घासली. ओली होती तोवर झकास दिसली. वाळल्यावर पाहिलं तर फाटकापासून खिडकीपर्यंत सगळीकडे पांढुरके ओरखडे, गोल गोल, माझ्या हाताच्या मापाचे.

त्याच वेळी रस्त्यावर एक सायकल थांबली. हँडलला दोन बादल्या, मागे बांबूची शिडी. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस. तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

"कोनं घासली हे?"

"मीच," मी म्हणालो.

"राखडीनं?"

"हो."

त्यांनी सायकल लावली, आत आले, पालथा हात भिंतीवर ठेवला. "धानाच्या राखडीत काच असते, बापा. पितळ सोसते, रंग कसा सोसन?"

"आता काय करता येईल?"

"घासलेलं वापस येत नाई. दिसन नाई, एवढं करता येते." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जयभीम. मी अंताराम."

त्यांनी तेवढा भाग पुन्हा रंगवून दिला, आणि तेव्हापासून भिंत धुण्याचं काम त्यांच्याकडे लागलं. त्यांची पद्धत ठरलेली. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची संध्याकाळी. ऊन अंगावर असताना कधीच नाही, कारण गडद रंग तापतो, साबण जागच्या जागी वाळतो आणि त्याचे डाग उठतात. आधी नुसतं पाणी, वरून, पाइपच्या तोंडाला अंगठा न लावता. "राखड आपल्या पायानं खाली उतरू द्या. तिले ढकलू नोका." राख उतरेपर्यंत भिंतीला कापड लावायचं नाही. मग रिठ्याचं पाणी, खालून वर. वरून लावलं तर मळका ओघळ खालच्या कोरड्या पट्टीवर उतरतो आणि गडद रंगावर तो ओघळ जन्मभर दिसतो. एका वेळी तीनच पट्ट्या. धुवायचं मात्र वरून खाली. कापड मऊ सुती, आणि ते कापड म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कौसल्याबाईंच्या, जुन्या लुगड्यांचे तुकडे. "बाजारच्या फडक्यात धागा कडक असते. हे वीस वर्स आंगावर नरम झालं हाय."

सुरुवात नेहमी मागच्या बाजूनं, पाण्याच्या टाकीमागे. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा शिरेल एवढी जागा होती, वर छज्जा. तिथली कमरेच्या उंचीवरची एक पट्टी त्यांनी परीक्षेसाठी धरली होती. पहिलं पाणी, पहिलं कापड तिथं. कापडावर रंग उतरला तर काम बंद.

आणि शेवटी एक गोष्ट ते कधी चुकवत नसत. बादल्या सायकलला लावून झाल्या की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाभळीखाली जात, तिथून वळत, एक डोळा मिटून घराकडे बघत. मग आणखी दहा पावलं जाऊन पुन्हा वळत. तिरप्या उजेडात राहिलेला ओघळ तिथूनच दिसतो म्हणे. निदान तीनदा वळल्याशिवाय ते घरच्या वाटेला लागत नसत. सुनंदा चेष्टेनं म्हणायची, "अंतारामजी आमच्या घराले सोडूनच जाऊ नाई राहिले!"

ते फार बोलायचे नाहीत, आणि बोलायचे ते ऐकून बरं वाटायचं नाही. एकदा ते तापानं आजारी होते. घरी पाहुणे यायचे होते. मला दम निघाला नाही आणि मी गाड्या धुणाऱ्या एका पोराला त्याचं जोराच्या पाण्याचं मशीन घेऊन बोलावलं. अर्ध्या तासात भिंत चकचकीत. मी खूश! दुसऱ्या दिवशी अंतारामजी आले, ताप होताच. त्यांनी पट्टीला कान लावला. मग दुसरीला, मग खिडकीखालच्या तिसरीला.

"खालून वर मारलं पानी?"

"असेल. मी पाहिलं नाही."

"पट्टीवर पट्टी कायले चढवतात, सर? वरचं पानी भायेर जावं म्हनून. खालून मारलं तं आत जाते." ते सुनंदाकडे वळले. "वयनी, या भिंतीचा करंट बंद ठेवा चार दिवस. कोनी बटनाले हात लावू नोका."

मला ते अती वाटलं. तरी सुनंदानं मेनमधून त्या बाजूचा करंट काढायला लावला. वायरमननं तिसऱ्या दिवशी बोर्ड उघडला तेव्हा आतून वाटीभर पाणी सांडलं. आमची मनीषा, एकुलती एक मुलगी, रोज तिथंच मोबाइल चार्जिंगला लावायची. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अंतारामजींना सांगितलं तर ते नुसते "हाव" म्हणाले. "भिंत लगेच सांगत नाई. सांगते तवा उशीर झाला असते." तेव्हापासून त्यांच्या बोलण्याची मला थोडी भीतीच वाटू लागली.

त्यांची आणखी एक सवय होती. धुण्याआधी ते टाकीमागच्या पट्टीवर एक बोट आडवं ओढत आणि ते बोट मला दाखवत. पहिल्या वर्षी बोटाला लागलेली राख दिसण्यासाठी डोळ्यांजवळ न्यावी लागे. नंतर ती लांबूनच दिसू लागली. मिलवाल्यांनी दुसरा बॉयलर बसवला होता. "पयले पंधरा दिसांत जेवढी बसे, आता चार दिसांत बसून राहिली," ते म्हणाले. "तुमचं घर काळं हाय म्हनून दिसते. त्या पिवळ्या घरावरबी तेवढीच पडते. त्याइले दिसत नाई, एवढंच." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "जे भिंतीवर बसते ते आनखी कुठं कुठं बसत असन, सर?"

ते कुठं बसत होतं ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

अंतारामजी मूळचे वैनगंगेकाठचे. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. कौसल्याबाईंचं माहेर एकोडीचं, म्हणून ती दोघं इकडे आली आणि मिलच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत खोली बांधून राहिली. मूलबाळ नव्हतं. गाव सोडताना लोकांनी छपराचे कवेलू नेले, चौकटी नेल्या. यांनी फक्त दार आणलं. सागाचं दोन फळ्यांचं दार, वर्षानुवर्षं डांबर पाजून काळंभोर केलेलं. तसल्या कच्च्या भिंतीला ते मुळीच शोभत नव्हतं. अंतारामजी ते रोज सकाळी धूत. आमच्या भिंतीसारखंच. पालथा हात, आधी पाणी, मग कापड.

मी गेलो त्या दिवशी कौसल्याबाई खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वास त्या जणू विहिरीतून ओढून काढत होत्या. तरी चेष्टा सुटली नव्हती.

"या गुरुजी. पाहा, माझा मालक दाराले रोज आंघोळ घालते. मले म्हनते, तू गरम पान्यानं आपल्या हातानं कर."

"दार बोलत नाई तुयासारखं," अंतारामजी म्हणाले.

त्या हसल्या आणि हसताना खोकला लागला. तो थांबेना. अंतारामजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पालथा. मी दाराकडे बघत राहिलो. सकाळी धुतलेल्या त्या काळ्या दारावर दुपारी बारापर्यंत पातळ करडी साय धरली होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची काचही तशीच झाली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की इथून हलवा, नाहीतर हवा तरी बदला. हलायला दुसरं गाव त्यांना उरलं नव्हतं. म्हणून अंतारामजी माझ्याकडे आले. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. त्यांना प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसला अर्ज लिहून हवा होता. मिलनं राख अडवायचं यंत्र लावावं, तोवर नवा बॉयलर बंद ठेवावा. मी मराठीचा मास्तर. अर्ज असा लिहिला की वाचणाऱ्यानं उठून उभं राहावं. वस्तीतल्या चौदा घरांच्या सह्या आणि अंगठे, सगळ्यांत वर माझी सही. काही आठवड्यांनी निरोप आला की साहेब पाहणीला येणार. तारीख कळली नव्हती.

"सर," अंतारामजी म्हणाले, "साहेब येईपर्यंत भिंत धुवायची नाई. येईन त्या दिवशी मिलवाले बॉयलर बंद ठेवतीन, रस्ता धुतीन. आमच्या दारावरची राखड दाखवली तं म्हनतीन तुमच्या चुलीची हाय. तुमच्या घरी गॅस हाय. तुमची भिंतच सांगू शकते. दुसरी काळी भिंत या भागात नाई."

"शब्द दिला," मी म्हणालो. मोठ्या थाटात म्हणालो.

भिंत करडी होत गेली. येणारे-जाणारे विचारू लागले, सर, घराला काय झालं? मी अर्जाचं सांगायचो, ऐकणारे माना डोलवायचे, मला आपण फार काही करत आहोत असं वाटायचं. आणि तेवढ्यात मनीषाचं जमलं. नागपूरचं चांगलं स्थळ, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख दहा दिवसांवर. सुनंदानं विषय काढला तेव्हा मी अर्जावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "पोरीच्या सासरची मानसं हे राखडीचं घर पाहतीन का? साहेब काय, आज येते का सहा महिन्यानं येते. साक्षगंध एकदाच होते."

मी तिच्यावर ढकलत नाही. माझ्याही मनात तेच होतं. मला ते घर लोकांनी बघावं असं फार वाटत होतं. त्यासाठीच तर बांधलं होतं.

अंतारामजींना बोलावलं. कसं सांगावं कळेना, म्हणून भलतंच लांबण लावलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मनीषाचं साक्षगंध हाय ना? धुतो."

आदल्या दिवशी त्यांनी भिंत धुतली. सकाळी पश्चिमेची, संध्याकाळी पूर्वेची. इतकी सुरेख त्यांनी ती कधी धुतली नव्हती. घर नव्यासारखं काळंनिळं झालं. काम झाल्यावर त्यांनी मला टाकीमागे नेलं. परीक्षेची पट्टी त्यांनी सोडली होती. इतक्या आठवड्यांची राख तिच्यावर जाड बसली होती. छज्जा होता म्हणून दवानंही ती हलली नव्हती. त्यांनी नेहमीसारखं तिच्यावर बोट आडवं ओढलं. काळी रेघ उमटली.

"हे एवढी ठेवली हाय, सर. साहेब आले तं इथं आना. त्याइले म्हना, बोट लावून पाहा. एवढंच म्हना."

"तुम्ही असालच ना?"

"मी उद्या भंडाऱ्याले. कौसल्याले दवाखान्यात नेतो. रातभर बसून असते, झोपता येत नाई तिले." मग जाता जाता म्हणाले, "तिले सांगून ठेवलं हाय, पट्टी हाय म्हनून."

ते बाभळीखाली गेले, एक डोळा मिटला, पाहिलं. तीनदा वळले.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. मला आजही कळत नाही की तो योगायोग होता की कुणाला आमच्या घरची तारीख माहीत होती. मंडपात पन्नास-साठ माणसं, पंगत बसलेली, पुऱ्या तळणं चालू. मिलचे शेठ पाहुण्यांत होते. आदल्या दिवशी त्यांनी आपणहून खुर्च्या पाठवल्या होत्या, पाहुण्यांच्या गाड्या लावायला मिलचं आवार उघडून दिलं होतं. मनीषाच्या होणाऱ्या सासऱ्यांशी ते माझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. मागच्या चिमणीतून त्या दिवशी धूर नव्हता.

साहेब सभ्य माणूस. मंडप पाहून त्यांनाच अवघडलं. हातात माझा अर्ज होता. "तुम्हीच ना अर्जदार? फार वेळ घेत नाही. राखेचा त्रास होतो असं लिहिलंय." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ती अशी चमकत होती की त्यांच्या पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब तिच्यात दिसत होतं. "घर तर छान ठेवलंय तुम्ही."

शेठ हसले. व्याही बघत होते. अर्ज म्हणजे काय भानगड, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टाकी माझ्यापासून पंधरा पावलांवर होती.

"तसं काही फार नाही," मी म्हणालो. "थोडीफार धूळ असतेच. शेतीचा भाग आहे. वस्तीतल्या लोकांचा आग्रह होता म्हणून लिहून दिलं." आणि वर म्हणालो, "जेवूनच जा, साहेब."

ते जेवले नाहीत. एक बुंदीचा लाडू घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. सगळं मिळून चार-पाच मिनिटं लागली असतील. मी पुन्हा वाढायला लागलो. कुणाच्या पानात पुरी संपली ते मला बरोबर दिसत होतं, हे मला पक्कं आठवतं. त्याची मला लाज वाटते.

आठ दिवसांनी अंतारामजी कौसल्याबाईंना घेऊन परत आले. मला रस्त्यात भेटले.

"साहेब आले होते म्हने?"

"हो."

"पट्टी दाखवली?"

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्यांच्या हँडलला औषधाची पिशवी लटकत होती, तिच्याकडे पाहिलं. "दाखवली," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. इतका सैल मी तो कधी पाहिला नव्हता. "बोट लावलं त्याइनं?"

"लावलं."

"मंग झालं," ते म्हणाले. "आता बंद होईन थे. तिले सांगतो." आणि त्या वयात, सायकलवर टांग टाकून ते घाईनं घराकडे गेले.

खरं सांगायला मला पुढे पुष्कळ दिवस होते. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. मिलची चिमणी रोज दिसायची, दोन्ही बॉयलर चालू. कौसल्याबाई खाटेवरून नवऱ्याला विचारायच्या म्हणे, आज बंद झाली का? आणि ते सांगायचे, सरकारी काम हाय, वेळ लागते. साहेबानं बोट लावून पाह्यलं हाय. हे मला शेजारच्या बाईनं नंतर सांगितलं. माघाच्या पुनवेच्या आधी दोन दिवस कौसल्याबाई गेल्या. मी अंत्ययात्रेला होतो. बुद्धवंदना चालू असताना मी मागे उभा राहिलो, अंतारामजींच्या समोर जायचं धाडस झालं नाही. त्यांचं काळं दार उघडं होतं. त्या दिवशी ते धुतलं नव्हतं.

होळीच्या आसपास ते आले. मी बोलावलं नव्हतं. साक्षगंधानंतर मी भिंतीला हात लावला नव्हता, ती पुन्हा करडी झाली होती. पश्चिमेची बाजू होती, सकाळची वेळ. त्यांनी पालथा हात ठेवला, मान हलवली, बादल्या भरल्या आणि नेहमीप्रमाणे टाकीमागे गेले.

तेव्हा मला आठवलं. मी धावत गेलो. उशीर झाला होता. ते त्या अरुंद जागेत आडवे उभे होते आणि पट्टीकडे बघत होते. राख आणखी जाड झाली होती. त्यांनी साक्षगंधाच्या आदल्या दिवशी ओढलेली रेघ तिच्यात अजून दिसत होती, अर्धी बुजलेली. तिच्या वर, खाली, बाजूला दुसऱ्या कुठल्या बोटाची खूण नव्हती.

ते किती वेळ बघत होते कोण जाणे. भिंत वाचायला त्यांना कधी एवढा वेळ लागला नव्हता.

"अंतारामजी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून कापड काढलं. तो तुकडा नव्हता. अख्खं हिरवं लुगडं होतं, फारसं न वापरलेलं. त्यांनी ते फाडलं नाही, नुसतं घडी घालून हातात धरलं. मग पट्टीवर वरून पाणी सोडलं, हळूच. राख उतरू दिली. त्यांची ती रेघही राखेबरोबर उतरली. मग रिठ्याचं पाणी, खालून वर. मग पुन्हा साधं पाणी, वरून खाली. लुगड्यानं टिपून घेतलं. कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. ती एकच पट्टी त्यांनी धुतली.

"झाली," ते म्हणाले.

बाकीच्या भिंतीला त्यांनी हात लावला नाही. ओलं लुगडं पिळून हँडलला अडकवलं. बादल्या तिथंच टाकीपाशी राहिल्या. मी त्या उचलून त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत निघाले, रस्ता ओलांडला. मी त्या बाभळीकडे बघत होतो. ते बाभळीखालून गेले. मी मनात म्हटलं, आता वळतील. दहा पावलं, आणखी दहा. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं, त्याचा ओघळ धुळीत त्यांच्यामागे चालला होता. एकोडी रोडच्या वळणाआड ते जाईपर्यंत मी दोन्ही हातांत बादल्या धरून उभा होतो. ते वळून पाहायला थांबले नाहीत.